घरी हाक मारण्याचे नाव

४ मार्च

ताई,

पाकीट साधं आहे, पाहिलंस ना? वर संस्थेचं नाव नाही, शिक्का नाही, पाठवणारीचा पत्तासुद्धा नाही. तुझ्या सासूबाईंच्या हाती पडलं तरी त्यांना विम्यावाल्यांचं काहीतरी वाटेल आणि त्या न फोडता तुझ्याकडे टाकतील. तेव्हा दार लावून घ्यायची गरज नाही. बसून वाच.

अकरा वर्षांनी लिहितेय. मधे काय झालं म्हणशील तर काही नाही. मी एक्कावन्न वर्षांची झाले, याला होणं म्हणत असतील तर तेवढं. खोली तीच, खिडकीजवळची खाट तीच. शेजारच्या खाटेवर अजून टेलरीणच आहे. तिचे कान गेलेले, पण देवाने आम्हा दोघींची जीभ मिळून तिला एकटीला दिलेली. तिच्या कागदावर पूर्वी 'बहिरी' असं असायचं. मग ते कुणाला तरी टोचलं, म्हणून 'मूकबधिर' केलं. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "बहिरी होते तोवर ठीक होतं गं. मुकी कोणी केलं मला? सकाळपासून बोलतेय ती कोण, माझी आत्या?"

बातमी अशी की, आमच्या संस्थेचं नाव पुन्हा बदलतंय. पहिला फलक तुला आठवत असेल. नऊ वर्षांची मी तुझ्या पाठुंगळीला, तेरा वर्षांची तू, पुढे बाबा ट्रंक घेऊन. फाटकावर 'लुळ्यापांगळ्यांचा आश्रम'. तू मोठ्याने वाचलंस आणि विचारलंस, "बाबा, हिचा तर एकच पाय अधू आहे. ही लुळी की पांगळी? विचारलं तर काय सांगायचं?" बाबा म्हणाले, "गप्प बस." आपल्या घरात अवघड प्रश्नाला हेच उत्तर असायचं.

पुढे त्याचं 'अपंग निवास' झालं. मग 'विकलांग कल्याण केंद्र'. आता 'विशेषक्षम भवन' व्हायचं घाटतंय. बारसं वरचे लोक करतात आणि लंगोट मी बदलते. तीस वर्षं इथल्या कार्यालयात टायपिंग करतेय ना मी. नियमपुस्तिका, हजेरीपट, अर्ज, सगळीकडून जुना शब्द वेचून काढायचा आणि तिथे नवा बसवायचा. गव्हातले खडे निवडतात तसं. फरक एवढाच की दर पंधरा-वीस वर्षांनी कालचा गहू आज खडा ठरतो.

आता कामाचं. सोबत एक अर्ज आहे. मला इथून बाहेर पडायचंय. आमची स्वयंपाकीण, सगळे तिला मावशी म्हणतात, ती निवृत्त झाली. तिने तळमजल्यावर एक खोली बघितली आहे. दाराला उंबरा नाही, खुर्ची सरळ आत जाते. म्हणते, "तू ये. मी रांधीन, तू बोल." मुद्रितं तपासायचं काम एक छापखाना मला देतोय. घरमालक एकतीस तारखेपर्यंत थांबेल, पुढे नाही.

नियमाप्रमाणे जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. आई-बाबा गेल्यापासून माझ्या कागदावर तुझंच नाव आहे, नातं कोणी भरलेलं नाही. रकाना पाच, 'निवासीशी नाते', तिथे लिही: सख्खी बहीण. सहा म्हणजे 'घरी हाक मारण्याचे नाव', तिथे काहीही लिही, कोणी वाचत नाही. खाली सही. दोन मिनिटांचं काम आहे.

तुझी,
निवासी क्रमांक ४१

११ मार्च

ताई,

उत्तर नाही. टपालाला उशीर होत असेल असं मी स्वतःला सांगितलं. टेलरीण म्हणाली, "मला सांगू नकोस, मला ऐकू येत नाही."

काल नावाची बैठक झाली. मला पुढच्या रांगेत आणून ठेवलं होतं, फोटोसाठी. अध्यक्ष म्हणाले, "'विकलांग' हा शब्द कानाला कसा लागतो बघा. जणू काही माणसात काहीतरी कमी आहे!"

मी म्हटलं, "पाय कमी आहे."

"बाईंची विनोदबुद्धी शाबूत आहे हं," असं म्हणून ते हसले आणि त्यांच्यामागे सगळे हसले. बावीस वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी याच सभागृहात 'विकलांग' शब्दात केवढी शालीनता आहे, यावर चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. मला पक्कं माहीत आहे, कारण ते मीच टाईप केलंय.

खोटं कशाला बोलू, शब्द येतो तेव्हा चांगलाच असतो. 'अपंग निवास' झालं त्या दिवशी आम्ही सगळ्या खरोखर खूश होतो. लुळ्यापांगळ्या म्हणून कोणी हाक मारणार नव्हतं आता. पाचसहा वर्षं गेली असतील. माझ्या खिडकीखाली बसथांबा आहे. एक पोरगी बस धरायला पळत होती, तिची मैत्रीण ओरडली, "धाव की गं, अपंग आहेस का?" मी खिडकी लावून घेतली. पुढे तोच प्रवास 'विकलांग'ने केला. आता एका रिकामटेकड्या ड्रायव्हरने मागच्याला 'विशेषक्षम' म्हणून शिवी घालायचा अवकाश.

आपल्या घरी दूध सारखं नासायचं, आठवतं? आई दूधवाले बदलायची. तीन बदलले. शेवटी तू पातेल्याच्या तळाला नख लावून जुनी साय खरवडून दाखवलीस, म्हणालीस, "आई, दूधवाल्याला का शिव्या देतेस? भांडं घास." बैठकीत मला तू फार आठवलीस.

अध्यक्षांनी मग विचारलं, "आमच्या भगिनींचं काय मत?"

मी म्हटलं, "साहेब, मला कुठलाही शब्द चालेल. फाटकाची कडी तेवढी हातभर खाली घ्या."

तुला हे माहीत नसेल. फाटकात एक लहान दार आहे. त्याची कडी उभ्या पुरुषाच्या डोक्याशी आहे. चोवीस वर्षांपूर्वी माझ्या खांद्यांनी कुबड्या टाकल्या आणि मी खुर्चीत आले, तेव्हापासून ती कडी मला फक्त दिसते. बाहेर पडायचं तर पहारेकऱ्याला म्हणायचं, "भाऊ, जरा कडी काढता का?" तो चहाला गेला असेल तर थांबायचं. पाचला घरी गेला की संपलं. कडी खाली घ्या म्हणून मी पहिला अर्ज केला तो 'अपंग निवास'च्या कागदावर. निर्णय होईतो नाव बदललं. अर्ज परत आला: 'या नावाची संस्था अस्तित्वात नाही.' नव्या कागदावर केला, तर 'विचाराधीन'. असे अकरा झाले.

अधीक्षक साहेब म्हणाले, "फाटक रंगवायचंच आहे, तेव्हा बघू." खोलीवर येऊन टेलरिणीला नवं नाव लिहून दाखवलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "विशेष क्षमता? मग काढ की कडी!"

हसून हसून दोघींचं पोट दुखलं. नंतर तिने कूस बदलली.

एक गंमत सांगते. नियमपुस्तिका मी तीनदा टाईप केली आहे, त्यामुळे ती मला पाठ आहे. नियम नऊ: जवळचे नातेवाईक असतील तर त्यांच्या सहीशिवाय निवासीला सोडता येणार नाही. नियम बारा: जवळचं कोणीच नसेल, तसा लेखी पुरावा असेल, आणि निवासी सज्ञान असेल, तर ती स्वतःच्या सहीने जाऊ शकते. म्हणजे बघ, जिचं कोणी नाही ती मोकळी आणि जिचं कोणी आहे ती अडकली. माझी तू आहेस.

अर्ज पाठव गं.

तुझी,
विकलांग (या महिनाअखेरपर्यंत)

१९ मार्च

ताई,

आठ दिवस विचार केला, ही बोलत का नाही. विचार कशाला करायचा? मला ठाऊक आहे.

ते पाकीट. अकरा वर्षांपूर्वी कार्यालयाचं छापील पाकीट तुझ्या घरी गेलं, त्यावर ठळक अक्षरात 'विकलांग कल्याण केंद्र', आणि आत माझं पत्र, 'तुझी धाकटी बहीण' अशा सहीचं. सासूबाईंनी फोडलं. भाचीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, कारण घराण्यात 'असलं काही' आहे हे लपवलं होतं. तू फोनवर एकच वाक्य बोललीस. मी तेव्हा म्हटलं होतं, साधी पाकिटं संपली होती, चुकून झालं.

चुकून नव्हतं झालं. साधी पाकिटं खणात होती. अख्खा गठ्ठा होता.

तुझ्या लग्नाच्या दिवशीचं आठवतं ना? मी नवी साडी नेसून कुबड्या लपवून खांबाला टेकून उभी होते. तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "ही कोण?" तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "लांबच्या नात्यातली आहे."

मला किती शब्द लागलेत आजवर, मोजलेले नाहीत. लुळी, पांगळी, अपंग. गल्लीतली मुलं काय काय म्हणायची. एकही टिकला नाही, धुतला की गेला. 'लांबच्या नात्यातली' यात बघ, एक अक्षर वाईट नाही. कुठल्याही वर्ज्य शब्दांच्या यादीत ते बसणार नाही. आणि ते बत्तीस वर्षं निघत नाही.

पण माझाही भाग होता त्यात, तो मी कुणाला सांगितलेला नाही. सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं होतं, "हो का गं?" आणि मी म्हणाले, "हो, फार लांबची." दिवसभर मी लांबचीच राहिले. शेवटच्या पंगतीला जेवले. तुझ्यासाठी म्हणून केलं असं स्वतःला सांगत आले, आणि मग वीस वर्षांनी एक दिवस छापील पाकिटाला जीभ लावली. भाचीने माझं काय वाकडं केलं होतं? तिचं पुढे जमलं का, हेही मला माहीत नाही. विचारायचं तोंड नाही.

तू मला काय म्हणायचीस ते तरी आठवतं का? शेजारणीची फुलं तोडताना दार वाजलं की तू ओरडायचीस, "पळ लंगडे!" आणि मला पळता येत नाही हे दोघींना आठवलं की मागे येऊन पाठीवर घ्यायचीस. फुलं माझ्या तोंडात धरलेली असायची. तो शब्द आता आमच्या पुस्तिकेत पान चारवर वर्ज्य शब्दांच्या यादीत पहिला आहे. मीच टाईप केलाय. टाईप करताना बोट अडलं नाही, एवढी मी सराईत. गंमत म्हणजे खुर्चीत आल्यापासून मी लंगडतही नाही.

माफी मागायला पत्र लिहिलेलं नाही, सही मागायला लिहिलंय. माफी मधे आली.

मी

२५ मार्च

ताई,

सहा दिवस राहिले. मावशी आली होती. म्हणाली, घरमालकाने आणखी कुणाला तरी खोली दाखवली. "तुझ्या बहिणीला म्हणावं, सही कर नाहीतर नाही म्हण. नाही म्हणायला काय जातं?"

परवा साडेपाचला मी फाटकापाशी गेले. पहारेकरी घरी गेलेला. कडीखाली खुर्ची लावून हात वर केला. तेवढ्याने पुरत नाही हे मला चोवीस वर्षं माहीत आहे. तरी बोटं ताणून बघितली. फाटकाच्या गजांतून समोरचं दुकान दिसतं, दुकानदार मला ओळखतो, त्याने हात हलवला. मीही हलवला. त्याला वाटलं असेल, बाई हवा खातेय.

इथे कोणी मला डांबलेलं नाही. सगळे चांगले आहेत. हाक मारली की कोणीतरी येतं आणि माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतं. मी इथे मरीन तेव्हा फलकावर फार सुंदर शब्द असेल.

मी

२९ मार्च

ताई,

अर्ज आला. पत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसता अर्ज.

तुझं अक्षर अजून तसंच, पेन दाबून, कागदाला राग असल्यासारखं. रकाना पाच, निवासीशी नाते: 'लांबची नातेवाईक.' खाली सही.

वाचला आणि उशीखाली घातला. टेलरिणीने विचारलं तर मान हलवली. मनात तुला इतक्या शिव्या दिल्या, सगळ्या वर्ज्य. बत्तीस वर्षांनी तेच! मी पाकिटाचं खरं सांगितलं, तू त्याचं उट्टं काढलंस. लांबच्या बाईची सही कोण धरणार? नियम नऊप्रमाणे अर्ज बाद.

मग पहाटे जाग आली ती नियम बारा घेऊनच. जवळचं कोणीच नसल्याचा लेखी पुरावा. तो माझ्या उशीखाली होता.

अकरा तारखेला मीच तुला थट्टेत लिहिलं होतं ते. तू ते वाचून, विचार करून लिहिलंस, की सवयीने हात तिकडे गेला? सूड की सुटका? अर्ज दहा वेळा उलटापालटा केला, त्यावर लिहिलेलं नाही.

मग रकाना सहा बघितला. घरी हाक मारण्याचे नाव. मी म्हटलं होतं काहीही लिही. तू लिहिलंस: 'लंगडी.'

आता माझी पंचाईत ऐक. लांबच्या बाईला घरचं नाव कसं ठाऊक? साहेबांनी जरा डोकं चालवलं तर रकाना सहा रकाना पाचला खोटं पाडतो. आणि दुसरं असं की, हा अर्ज मी दिला की माझ्या कागदावर 'जवळचे नातेवाईक: नाही' असं टाईप करावं लागणार. कोणी करायचं? टायपिस्ट मीच.

उद्या देते. तुला अडवायचं असेल तर वेळ गेलेली आहे. मलाही.

मी

२ एप्रिल

ताई,

तीस तारखेला साहेबांसमोर अर्ज ठेवला. त्यांनी चष्मा लावला. "निवासीशी नाते... लांबची. अरेरे. म्हणजे जवळचं कोणीच नाही तुम्हाला?"

"नाही साहेब," मी म्हटलं. लग्नाच्या दिवशीपेक्षा सोपं गेलं नाही.

"मग नियम बारा लागेल, नाही का?"

"हो साहेब. पान सात."

मग त्यांचं बोट रकाना सहावर आलं आणि थांबलं. मान वर झाली, चेहरा लाल. माझे हात खुर्चीच्या चाकांवर गेले, जणू मी पळणारच होते. म्हटलं, संपलं. समजलं यांना.

"हे काय लिहिलंय?" साहेब म्हणाले. "असले शब्द? सुशिक्षित लोक ना हे?"

मी चाकांवरचे हात मांडीवर घेतले.

"अहो, नव्या नावाचा फलक उद्या लागतोय, आणि आपल्या कागदावर हे! तपासणीला कोणी बघितलं तर?" खणातून व्हाइटनर काढलं, बाटली हलवली आणि त्या शब्दावर एक हात मारला. खालून निळं दिसत होतं, म्हणून दुसरा मारला. फुंकर घातली. मला म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका बाई. लांबची माणसं, त्यांना काय कळणार?" आणि वाळल्यावर तिथे 'निरंक' लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी सही केली.

आयुष्यभर या लोकांच्या शब्दांच्या सोवळ्यावर मी तोंडसुख घेतलं. त्या दिवशी मात्र त्या सोवळ्याने मला सोडवलं. वाईट शब्द दिसला, तो पुसला, त्यामागे बहीण उभी होती ती त्यांना दिसलीच नाही.

फाईल मीच लावली. लावायच्या आधी कागद पालथा केला आणि बोट फिरवलं. तू पेन दाबून लिहितेस ते किती बरं. व्हाइटनर वरच्या अंगाला असतं. खालून तिन्ही अक्षरं बोटाला लागली, उलटी. मग फाईल बंद केली आणि टाईप केलं: जवळचे नातेवाईक, नाही.

एकतीसला निघाले. टेलरिणीने माझ्या चारही ब्लाउजांना नवी बटणं लावून दिली आणि शेवटपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. फाटकापाशी गेले तर फाटक नुकतंच रंगवलेलं, निळं. वर नवा फलक. कडीही निळी, होती तिथेच, डोक्याशी.

"भाऊ, जरा कडी काढता का?"

"रंग ओला आहे बाई," पहारेकरी म्हणाला. "साहेबांनी सांगितलंय, दोन तास हात लावायचा नाही."

विशेषक्षम भवनाची पहिली विशेषक्षम बाई दीड तास फलकाखाली बसून राहिली, ताई. मांडीवर पिशवी, पिशवीत सुटकेचा कागद. शेवटी मावशी पलीकडून आली. "काय झालं गं?" मी सांगितलं. "रंग गेला खड्ड्यात," म्हणाली, गजातून हात घातला आणि कडी सर्रकन ओढली. तिचा तळवा अजून निळा आहे. त्याच हाताने पीठ मळते.

काल तिने विचारलं, "तुला घरी काय म्हणायचे गं?" मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "अगंबाई! मी नाही असं म्हणायची."

"तू म्हणूच नकोस," मी म्हटलं. "ते दुसऱ्या कोणाचं आहे."

तू नियम बारा वाचून लिहिलंस की न वाचता, हे आता विचारणार नाही. रकाना सहा रिकामा सोडता आला असता तुला, एवढं मला पुरतं. भाचीला सांग, तिच्या मावशीने, म्हणजे मी, पाकिटाचं कबूल केलंय. पुढे तिला वाटेल ते.

या पाकिटावर पाठवणारीचा पत्ता घातला आहे, पूर्ण. सासूबाईंनी विचारलं तर सांग, लांबची आहे. मी नाही रागावणार, आता कागदोपत्री तसंच आहे. सुताराने काल आमच्या दाराची कडी खाली घेतली, माझ्या कोपराएवढ्या उंचीवर. तू दार वाजवलंस तर मीच उघडीन.

तुझी,
लंगडी